बंद पाइपला गॅस वेल्डिंग करताना शेवटचा अर्धा इंच का फुटतो?

चौकोनी पाइपच्या दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी लावताना शेवटचा अर्धा इंच भरत नाही, वितळलेलं लोखंड 'फट्' करून उडतं, नोझल बदलू का, असं तुम्ही विचारलंय. नोझलचा यात काही दोष नाही. आतल्या हवेला वाट नाही, हे खरं दुखणं.

मी फाटकं आणि रेलिंगचीच कामं करतो. तुम्ही टोपीभोवती फिरत येता तोवर पाइप तापलेला असतो. आतली हवा 30 अंशांवरून 330 वर गेली की बंद जागेत दाब जवळपास दुप्पट होतो. शेवटच्या फटीत जे पातळ लोखंड असतं त्याला तो कसला पेलवणार? तुमचा पाइप निदान थुंकून दाखवतोय. पाणी असलेला पाइप त्याहून वाईट, कारण पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीच्या आसपास जागा मागते. पावसात बाहेर पडलेला पाइप मी एकदा न झटकता घेतला होता. ठिणगी नाही, अख्खा थेंब बाहीतून आत गेला. डाग अजून आहे.

म्हणून टॉर्च पेटवण्याआधी 3 मिलिमीटरचं भोक पाडा, तेही वेल्डपासून लांब आणि खालच्या अंगाला, म्हणजे पुढे पावसाचं पाणी साचणार नाही. भोक बुजवायचंच असेल तर काम पूर्ण थंड झाल्यावर स्क्रू बसवा. जुनी, आधीच बंद असलेली वस्तू दुरुस्तीला आली तरी हाच नियम. टाकीत तरंगणारा पोकळ फ्लोटसुद्धा भोक न पाडता तापवू नका.

डिझेल, थिनर किंवा ऑइलचा रिकामा पिंप मात्र या हिशेबात धरू नका. तिथे भोक पाडून भागत नाही. वास जाईपर्यंत धुतला तरी सांध्यात राहिलेलं तेल तापून वाफ धरतं, आणि भरलेल्यापेक्षा रिकामाच पिंप जास्त जोरात फुटतो. मी असं काम परत पाठवतो. गिऱ्हाईक रुसतं, रुसू दे.

अजून एक. पेटवलेला टॉर्च असो वा विझवलेला, तो टाकीच्या आत ठेवून चहाला जाऊ नका. व्हॉल्व्ह जरा गळला तरी आत गॅस किंवा ऑक्सिजन साठतो.

तुमचा पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला आहे का, ते लिहिलेलं नाही. असेल तर टोकावरचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा आणि उघड्यावर काम करा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.