जर्मन आणि फ्रेंच येत असेल, तर या दोन देशांच्या कंपनी कायद्यात वकील म्हणून करिअर करता येईल का?

येईल, आणि काम मनापासून आवडावं असं आहे. मी फ्रँकफर्टमध्ये हेच करते. पण तुम्ही पुण्यात एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि दोन्ही भाषा बी२ पर्यंत, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीपर्यंत, झाल्यात असं लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगते: नुसत्या भाषांच्या जोरावर इथे वकिली करता येत नाही.

काम कसलं असतं ते बघा. फ्रेंच कंपनी विकायची तर निर्णय पक्का होण्याआधी तिथल्या कर्मचारी समितीचं मत घ्यावं लागतं. समिती सौदा अडवू शकत नाही, पण तिला डावलणं हा फ्रान्समध्ये गुन्हा आहे. या सल्लामसलतीला एरवी एक महिना लागतो, समितीने तज्ज्ञ नेमला तर दोन. मग वाट काढतात ती अशी: खरेदीदार एकतर्फी लिहून देतो की तुम्ही म्हणाल तेव्हा ठरल्या किमतीला घेईन. विकणारा मात्र अजून विकायला बांधील नसतो. जर्मन क्लायंटला हे पचतच नाही. "आम्ही अडकलो आणि ते मोकळे?" त्या वेळी फ्रेंच कामगार कायदा त्याला पटेल अशा जर्मनमध्ये मांडायचा, हे माझं खरं काम.

उलट बाजूला फ्रेंच मंडळी चक्रावतात. त्यांच्याकडे एसएएस प्रकारच्या कंपनीचे शेअर साध्या कागदावर हस्तांतरित होतात. जर्मन गेएमबेहाचे, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेडचे, शेअर मात्र नोटरीशिवाय हलत नाहीत. हा नोटरी कायद्याचं पूर्ण शिक्षण घेतलेला असतो आणि सगळ्यांसमोर अख्खा करार मोठ्याने वाचतो. बाहेर अंधार पडतो, कॉफी संपते, तो एका सुरात भरभर वाचत असतो. मध्येच एखादी तारीख चुकलेली सापडते. तिथल्या तिथे हाताने दुरुस्ती, समासात सही, की पुढचं पान.

आता सनदेचं. जर्मनीत दोन राज्य परीक्षा आणि त्यांच्यामध्ये दोन वर्षांची उमेदवारी लागते. भारतीय पदवीवर इथे एलएल.एम. केलं तरी जर्मन सनद मिळत नाही, आणि प्रवेश करून देणारे एजंट हे सांगत नाहीत याचा मला राग येतो. या दोनपैकी एका देशाची सनद असली की दुसऱ्या देशात तीन वर्षं काम करून तिथलीही मिळवता येते, पण १९९८ चा तो युरोपीय नियम मुळात युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे.

मी बारावीनंतरच इकडे येऊन कायदा पहिल्यापासून शिकले. तुमची तशी तयारी असेल तर कोलोन आणि पॅरिस १ या विद्यापीठांची जोडपदवी बघा, किंवा सारब्रुकेनचं १९५५ पासूनचं फ्रेंच-जर्मन कायदा केंद्र. नसेल तर भारतीय सनद घ्या आणि जर्मन-फ्रेंच कंपन्यांच्या पुणे-चाकण भागातल्या उपकंपन्यांचं काम धरा. आपला कंपनी कायदा आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, मुख्यालयाला त्यांच्याच भाषेत समजावणारा वकील त्यांना हवाच असतो. बी२ मात्र दोन्ही वाटांना कमी पडेल. आधी जर्मन सी१ करा, फ्रेंच त्यानंतर.