तापात थायरॉइडचा अहवाल का बदलतो?

प्रश्न : न्यूमोनियात माझ्या सासूबाईंचे टी-३ हे थायरॉइडचे संप्रेरक कमी आले, थायरॉइडला चालना देणारे टीएसएच मात्र नेहमीसारखे होते. डॉक्टरांनी गोळी न देता दीड महिन्याने पुन्हा तपासू, असे सांगितले. यात हयगय तर होत नाही ना?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण ही हयगय नव्हे. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिने सोडतात आणि त्यांचे निरोप थेट मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-१ तेथील सीआरएच हे संप्रेरक वाढवते, असे १९८७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी आणि तिच्यामागोमाग मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कामाला लागून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, आणि हेच कॉर्टिसॉल उलट सायटोकाइनांना आवर घालते. शरीराने स्वतःलाच घातलेली ही वेसण मला फार विलक्षण वाटते.

थायरॉइडचे वेगळे आहे. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ हे संप्रेरक बाहेर पडते आणि यकृतासारख्या अवयवांत त्याचे टी-३ होते. इंटरल्यूकिन-६ सारख्या रेणूंमुळे, शिवाय चार दिवस पेजेची वाटीही नकोशी झाल्यामुळे, हे रूपांतर मंदावते व निष्क्रिय रिव्हर्स टी-३ वाढते. ग्रंथी स्वतः बहुधा धडधाकट असते, म्हणून गोळी दिली जात नाही. बरे होताना टीएसएच काही काळ वाढूही शकते. दीड महिना थांबण्याचे कारण हेच. सासूबाईंना आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल, तर मात्र ती तापातही आपण होऊन बंद करू नये.