वाचकांचे प्रश्न : खिडकी कोणी उघडली?

गेल्या महिन्यात या सदरात किशोरवयीन मुलींच्या आवडत्या ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ (माणूस आणि अमानवी पात्र यांच्यातल्या प्रेमाच्या) कादंबऱ्यांचा ओझरता उल्लेख झाला आणि त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांत स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेचेच नाव असल्यामुळे उत्तरेही मुख्यतः तिच्याच आधाराने देत आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या पावसाळी गावात वडिलांकडे राहायला आलेली बेला, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिऊन जगणारा अमर जीव, झालेला आणि तेव्हापासून सतरा वर्षांचाच राहिलेला एडवर्ड, आणि जवळच्या ला पुश वस्तीतला, लांडग्याचे रूप घेणारा जेकब, अशा तिघांची ही गोष्ट आहे. तिचे चार भाग २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाले.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ‘ट्वायलाइट’चे चारही भाग तिने दोनदा वाचले. मी सहज एक भाग चाळला, तर त्यातला मुलगा रात्री मुलीच्या खोलीत शिरून तिला झोपेत न्याहाळत असल्याचे वाचून मला धक्काच बसला. मुलीला मात्र ते फार प्रेमळ वाटते. पुस्तके काढून घ्यावीत का? (एक आई, नाशिक)

उत्तर : पुस्तके काढून घेऊ नका. मात्र तुम्हाला जे खटकले ते योग्यच खटकले आहे, आणि ते मुलीजवळ बोलून दाखवायला हवे.

पहिल्या भागात एडवर्ड स्वतःच कबूल करतो की बेलाला काहीही कळू न देता तो अनेक रात्री तिच्या खोलीत येत होता. बेलाला राग यायला हवा, आणि तिलाही ते जाणवते, पण प्रत्यक्षात ती सुखावते. संपूर्ण कादंबरी बेलाच्या तोंडून सांगितलेली असल्यामुळे ती सुखावली की वाचकही सुखावतो. तुमच्या मुलीला ते प्रेमळ वाटले याचा अर्थ तिची समज कमी आहे असा नाही. लेखिकेने वाचकाला जिथे उभे केले आहे, तिथून ते तसेच दिसते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्हॅम्पायरच्या जुन्या कथांमध्ये एक नियम फार महत्त्वाचा मानला जात असे : घरातल्या माणसाने ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’मध्ये हा नियम आहे, आणि २००९ साली सुरू झालेल्या ‘द व्हॅम्पायर डायरीज’ या दूरचित्रवाणी मालिकेतही तो पाळलेला आहे. मेयर यांनी मात्र तो बाजूला ठेवला. त्यांच्या व्हॅम्पायरला कोणाच्या बोलावण्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच एडवर्ड बिनबोलावता आत येऊ शकतो. भुताखेतांच्या कथेने मुलीच्या हाती दिलेला एकुलता एक अडसर प्रेमकथेने काढून टाकला, याचे मला आजही वाईट वाटते.

तरीही याच मालिकेच्या तिसऱ्या भागात, ‘इक्लिप्स’मध्ये, एक वेगळा प्रसंग आहे, आणि तो मुलीसोबत बसून वाचावा असे मी सुचवीन. बेलाला जेकबला भेटायला जायचे आहे. एडवर्डला त्यात धोका वाटतो, म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून घेतो. गाडी सुरू होत नाही, आणि बेला पाहते तर शेजारच्या सीटवर एडवर्ड तो काळा तुकडा बोटांत फिरवत बसलेला असतो. ती संतापून घरात निघून जाते. उद्या शाळेच्या वेळेपर्यंत गाडी पूर्ववत करून ठेवीन, आणि आज रात्री मी यायला नको असेन तर खिडकी बंद ठेव, असे तो तिला सांगतो. बेला खिडकी धाडकन बंद करते, थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहते आणि मग स्वतःच ती उघडते.

आमच्या वाचनकट्ट्यावर हा प्रसंग वाचला तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, खिडकी तिनेच उघडली ना? मग प्रश्न कुठे आला?” दुसरी लगेच म्हणाली, “पण गाडी कोणी बंद पाडली?” त्यानंतरचा तासभर मला एक शब्दही बोलावा लागला नाही. खिडकीचा निर्णय बेलाने घेतला हे खरेच आहे, आणि तो निर्णय घेण्याआधी तिचा बाहेर जाण्याचा मार्ग दुसऱ्याने बंद केला होता हेही तितकेच खरे आहे. पुढे एडवर्ड आपल्या बहिणीला, जी बेलाची मैत्रीणही आहे, महागड्या गाडीचे आमिष दाखवून बेलाला आपल्या घरी अडकवून ठेवतो, आणि त्यानंतर मात्र आपले चुकले हे मान्य करून तिला जाऊ देतो. ही चूक मान्य करण्याची जागा तुमच्या मुलीला जरूर दाखवा. नायक बदलतो तो बेला दरवेळी भांडते म्हणून, हे तिच्या ध्यानात येऊ द्या.

आणखी एक गोष्ट तिच्या वयाला साजेशा भाषेत सांगून ठेवा. मुलीने स्पष्टपणे नको म्हटल्यावरही तिचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणे आणि संपर्क साधत राहणे हा आपल्याकडे २०१३ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो. हे कादंबरीवर खटला भरल्यासारखे सांगू नका. क्लासवरून येताना कोणी तसे वागले तर ती तुम्हाला लगेच सांगू शकेल, एवढ्यासाठी सांगा.

प्रश्न : माझ्या मैत्रिणींमध्ये ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ असे दोन गट आहेत आणि आमची खरोखरची भांडणे होतात. मला जेकब आवडतो, कारण तो तिचा मित्र आहे आणि तिच्यावर हुकूम गाजवत नाही. पण अशा प्रत्येक गोष्टीत दोन मुले का लागतात? (वय १७, सांगली)

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. आधी दुसरा घेते, कारण तो फार चांगला आहे.

पहिल्या भागात जेकब जवळजवळ नाहीच. समुद्रकिनाऱ्यावर जुन्या दंतकथा सांगून एडवर्डचे रहस्य बेलाच्या लक्षात आणून देणे, एवढेच त्याचे काम. तो मोठा होतो दुसऱ्या भागात, एडवर्ड गाव सोडून जातो तेव्हा. त्या भागातली ती पाने आठव : ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. प्रत्येक पानावर फक्त महिन्याचे नाव आणि बाकी पान कोरे. त्या कोऱ्या पानांनंतर बेला मोडक्या मोटारसायकली घेऊन जेकबच्या गॅरेजमध्ये जाते आणि गोष्टीत पुन्हा ऊब येते. एडवर्डचे अंग बर्फासारखे थंड आणि जेकबचे तापल्यासारखे गरम, हे मेयर यांनी विचारपूर्वक योजले आहे. एका बाजूला आहे ते कधीही न बदलणारे, न म्हातारे होणारे आयुष्य, आणि दुसऱ्या बाजूला आहे ते गॅरेज, मित्रमंडळी, वडील, पाऊस, वय वाढणे. प्रेमत्रिकोण चांगला जमतो तो असा. दोन मुलांच्या आड मुलीपुढची दोन आयुष्ये उभी असतात, आणि ती कोणाला निवडते यापेक्षा कोणती बेला होऊ पाहते हे वाचताना आपला जीव गुंतत जातो. सतराव्या वर्षी कोणते शिक्षण, कोणते शहर, कोणती माणसे हे सगळे एकदमच निवडायचे असते, म्हणून या वयात त्रिकोण इतके जवळचे वाटतात, असे मला वाटते.

आता जेकब. तो तिच्यावर हुकूम गाजवत नाही, असे तू लिहितेस. ‘इक्लिप्स’ पुन्हा उघड. तिथे तो बेलाच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो. ती प्रतिकार करून थकते, शरीर सैल सोडून वाट पाहते, आणि तो दूर होताच त्याच्या तोंडावर ठोसा मारते. मोडतो तो तिचाच हात. त्याला काहीच होत नाही. घरी हे कळल्यावर तिचे वडील मुलीची बाजू घेण्याऐवजी जेकबचे कौतुक करतात. मालिकेतले मला सर्वांत जास्त बोचलेले पान तेच आहे. पुढे लढाईच्या तोंडावर, आपण मरून गेलो तरी चालेल असे सूचित करून तो तिच्याकडूनच चुंबन मागवून घेतो. एडवर्डला ‘बॅड बॉय’ आणि जेकबला ‘भला मुलगा’ अशी नावे देऊन दोघांना मोजले की या गोष्टी नजरेतून निसटतात.

आणि एक बाजू तुमच्या भांडणात बहुधा कधीच आली नसेल. जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा आहे, ती खरीखुरी आदिवासी जमात आहे आणि ला पुश हे तिचे खरे गाव आहे. आपले पूर्वज लांडग्यांपासून माणूस झाले अशी तिची पारंपरिक कथा आहे. व्हॅम्पायरांशी लढणारे लांडगे मात्र कादंबरीकर्तीच्या कल्पनेतले आहेत. ज्या काळात त्यांच्या नावावर जगभर टी-शर्ट विकले जात होते, त्या काळात हे लोक त्सुनामी आणि पुराच्या पट्ट्यातून उंच जागी हलता यावे म्हणून जमीन मागत होते, आणि २०१२ मध्ये त्यासाठी अमेरिकेत कायदा झाला. त्रिकोणाच्या एका टोकाला गोरा, श्रीमंत, संयमी एडवर्ड आणि दुसऱ्या टोकाला सावळा, गरीब, रागावर ताबा नसलेला जेकब, ही मांडणी कोणाच्या नजरेतून झाली आहे, हे गटात बोलून पाहा. जेकब आवडणे त्यामुळे चुकीचे ठरत नाही. मलाही गॅरेजमधला जेकब फार आवडतो.

प्रश्न : हा ‘बॅड बॉय’ नायक अलीकडचा आहे का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : मुळीच नाही. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी इंग्रज कवी लॉर्ड बायरन यांच्यासोबत त्यांचे डॉक्टर जॉन पॉलिडोरी राहत होते. पॉलिडोरी यांची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ मध्ये छापली गेली, आणि तिच्यातला देखणा, उमराव घराण्यातला, बायकांचे आयुष्य उद्ध्वस्त करणारा रक्तपिपासू बायरन यांच्यावरच बेतलेला होता. त्याआधीचा लोककथेतला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेले, मातीने माखलेले प्रेत होते. त्याला उंची कपडे आणि दिवाणखान्यातली जागा मिळाली ती इथे. फरक इतकाच की पॉलिडोरी यांच्या कथेत त्याच्यावर भाळणाऱ्या मुलीचा जीव जातो, आणि आजच्या कादंबरीत ती त्याला बदलवते.

प्रश्न : मी कोकणातल्या एका गावात घडणारी, किशोरवयीन वाचकांसाठीची पॅरानॉर्मल प्रेमकथा मराठीत लिहीत आहे. नायक धोकादायक हवा आहे, पण त्याच्या त्रास देण्याचे कौतुक होऊ नये असेही वाटते. हे कसे साधावे? (एक लेखिका, पुणे)

उत्तर : नायकाला सौम्य करू नका. धोका काढून घेतला तर या प्रकारातले प्राणच जातील. त्याचा धोका मात्र त्याच्या जातकुळीत असू द्या. तो रक्त पिणारा असेल, मेलेला असेल, शापित असेल, आणि त्याला स्वतःला त्याची भीती वाटत असेल. मुलीचे म्हणणे न ऐकणे हा त्याच्या अमानवीपणाचा भाग नव्हे. तो अगदी माणसांतला दोष आहे, आणि या कादंबऱ्यांत ही दोन्ही सरमिसळ होऊन दुसऱ्याला पहिल्याचे वलय मिळते.

‘द व्हॅम्पायर डायरीज’ मालिकेतल्या डेमन या व्हॅम्पायरकडे या दृष्टीने पाहा. नायिका एलेनाने नाकारल्यावर तो तिच्या भावाची मान मोडतो, आणि तो भाऊ वाचतो ते केवळ बोटातल्या जादूच्या अंगठीमुळे. पुढे तोच डेमन एलेनाजवळ प्रेम व्यक्त करतो आणि आपण तिच्या योग्यतेचे नाही म्हणून तिच्या मनातून ती आठवणच पुसून टाकतो. प्रेक्षक हळहळतात. मीही हळहळले होते. नंतर लक्षात आले की तिला उत्तर देण्याची संधीच त्याने ठेवली नाही, आणि दृश्य इतके सुंदर चित्रित झाले आहे की हे आपल्या नजरेस येत नाही. अशी जागा तुमच्या कथेत आली तर पुढच्या प्रकरणात नायिकेला ती आठवण परत मिळू द्या आणि तिला जो राग येईल तो पुरता येऊ द्या.

स्वतः मेयर यांनी २०१५ मध्ये ‘लाइफ अँड डेथ’ लिहून मूळ गोष्टीतली पात्रे उलटी केली. त्यात व्हॅम्पायर मुलगी आहे आणि तिच्या प्रेमात पडणारा माणूस मुलगा आहे. बेला ही केवळ संकटात सापडणारी अबला आहे या टीकेला ते उत्तर होते. तुमच्या हस्तलिखितातल्या ज्या प्रसंगाबद्दल शंका वाटते, तो एकदा असाच उलटा लिहून पाहा. उलटा केल्यावरही तो मोहक वाटला तर ठेवा, अंगावर आला तर पुन्हा लिहा.

आणि कोकणातली गोष्ट लिहिता आहात, तर व्हॅम्पायर आयात करण्याची घाई करू नका. आपल्याकडच्या लोकसमजुतीतही उंबरठा आहे, राखणदार आहे, तिन्हीसांजेला काय करू नये याचे नियम आहेत. तुमचा नायक पहिल्यांदा नायिकेच्या घरी येईल तेव्हा तो पडवीपर्यंतच येऊ शकतो, असे ठरवून टाका. पडवी आणि माजघर यांच्यामधल्या चौकटीपाशी दोघांना तीन-चार प्रकरणे ताटकळत ठेवता येईल, आणि तिने ‘आत ये’ म्हणायचे की नाही यावर सबंध कादंबरी तोलता येईल. पहिली पन्नास पाने झाली की मला जरूर पाठवा.