टॅबवर पैकीच्या पैकी, लोकांसमोर मात्र हात अडतात

"मॅडम, टॅब काढूनच घेऊ का तिच्याकडून?"

पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांचे पालक हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. मूल अ‍ॅपवर रोज वाजवतं, भरभरून गुण मिळवतं, पण स्क्रीन बाजूला केली की दोन ओळीही येत नाहीत. मग हे शिकणं म्हणायचं की गेम? इंदिरानगरचं एक कुटुंब हीच काळजी घेऊन माझ्याकडे आलं, तेव्हा प्रकरण जरा पुढे गेलं होतं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी पाचवीतली. घरी डिजिटल पियानो, आठवड्यातून एकदा कॉलेज रोडला क्लास, एरवी टॅबवरचं अ‍ॅप. सोसायटीच्या गणपतीत तिने एक सोपी धून वाजवायला घेतली. मध्येच एक स्वर चुकला, तिने पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी रडत उठली. तेव्हापासून क्लासच्या दिवशी पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. आई म्हणे, टॅबने वाट लावली. बाबा म्हणत, टक्के तर उत्तम येताहेत, मग अडतंय कुठे?

आईने मोबाइलवर घरच्या सरावाचा व्हिडिओ दाखवला. तो मी दोनदा पाहिला, कारण सगळं त्यातच होतं. मुलीची नजर टॅबवर खिळलेली, वरून रंगीत पट्ट्या खाली सरकताहेत, खांदे कानापर्यंत चढलेले. चुकीचा स्वर लागला की पट्टी लाल होते आणि सगळं जागच्या जागी थांबतं. तिचे दोन्ही हात तापलेल्या तव्याला लागल्यासारखे वर उडतात. मग ती बरोबर स्वर शोधते, दाबते, पट्ट्या पुन्हा सरकू लागतात.

आई-बाबांना बाहेर बसवून मी तिला विचारलं, "चुकलं की काय होतं गं?"

"ते थांबतं."

"आणि गणपतीत चुकलं तेव्हा?"

"तेव्हा काहीच थांबलं नाही. सगळे बघत होते."

चूक झाल्यावर पुढे जायचं असतं, हे तिच्या हातांना कधी शिकवलंच गेलं नव्हतं. अ‍ॅप दर वेळी तिच्यासाठी थांबत होतं. ती आळशी नव्हती, भित्रीही नव्हती. जो सराव झाला तोच लोकांसमोर बाहेर आला.

अ‍ॅपला कळतं काय, हे पालकांनी समजून घ्यायला हवं. टॅबचा माइक फक्त आवाज ऐकतो. केबल जोडली तर पियानोकडून 'मिडी'चे, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या ठरलेल्या भाषेतले, संदेश जातात. हे मानक १९८३ पासून चालत आलेलं आहे. पियानोची कोणती पट्टी दाबली, कधी दाबली, कधी सोडली आणि किती जोरात, म्हणजे १२७ पर्यंतच्या आकड्यात, एवढं त्यातून कळतं. मनगट आखडलंय, बोटं चुकीच्या क्रमाने पडताहेत, मूल श्वास रोखून वाजवतंय, हे त्यात येत नाही. टक्के खोटे नसतात. ते फक्त स्वर आणि वेळ यांचे असतात.

म्हणून टॅब काढून घेऊ नका, असं मी सांगितलं आणि तिच्या बाईंशी बोलले. बाई मोठ्या उमेदीच्या. त्यांनी अ‍ॅपचं ते थांबणं बंद केलं आणि त्याऐवजी गती निम्मी केली. आता चुकलं तरी धून चालूच, पुढच्या मात्रेला गाठायचं. डाव्या हाताचा भाग बाईंनी पियानोतच रेकॉर्ड करून दिला, त्यावर मुलीने उजवा वाजवायचा. मिडीत आवाज नव्हे तर सूचना साठवलेल्या असतात, त्यामुळे गती कितीही कमी केली तरी स्वर उतरत नाही. तिचं वाजवणंही बाईंनी कॉम्प्युटरवर उमटवून दाखवलं. अवघड जागा येण्याआधीच तिची घाई सुरू होते, हे तिचं तिलाच दिसलं. "मी इथे पळतेय," ती म्हणाली. कुणी रागावून सांगितलं असतं तर तिने ते ऐकून घेतलं असतं, पण तिला ते दिसलं नसतं.

मध्येच एक घोळ निघाला. बाबांची रात्रपाळी, दिवसा झोप, म्हणून ती ब्लूटूथचे इअरफोन लावून वाजवायची. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. अ‍ॅप म्हणतं बरोबर, कान म्हणतो उशीर झाला! वायरचे हेडफोन आणले आणि तिची अर्धी चिडचिड गेली. ज्यांच्या घरी असं असेल त्यांनी हे आजच बदलावं.

सगळ्यात मोठी मदत मात्र आजोबांची झाली. ते भजनी मंडळात तबला वाजवतात. "चुकलं तर चुकलं, ठेका सोडायचा नाही, सम गाठायची," म्हणत ते शेजारी बसून टाळ्या देऊ लागले. पाश्चात्त्य धुनेला सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठली, हा वाद बाईंनी घातला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

बाबांना मी एकच गोष्ट सांगितली होती. घरी आल्यावर "किती टक्के?" विचारायचं नाही, एक धून, चुकांसकट, पूर्ण ऐकायची. त्यांना ते जड गेलं. अजूनही प्रश्न तोंडातून निसटतो. पोटदुखी थांबली आहे, पण पाहुण्यांसमोर ती अजून वाजवत नाही आणि कुणी आग्रहही करत नाही.

आता बाबांना परीक्षेचे वेध लागले आहेत. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या एबीआरएसएम संस्थेच्या ग्रेड परीक्षा २०२० पासून घरून व्हिडिओ पाठवूनही देता येतात. त्यात चार रचना सलग वाजवाव्या लागतात, मध्ये कापाकाप चालत नाही, म्हणजे चूक झाली तरी पुढे जाणं आलंच. आपली मुलगी त्याला तयार आहे का, असं त्यांनी मला विचारलं. हा प्रश्न आधी मुलीला आणि बाईंना विचारा, असं मी म्हटलं. बाई म्हणतात, हे वर्ष जाऊ द्या. मुलीने मागितलं आहे ते वेगळंच: एखाद्या भजनाची चाल पियानोवर बसवायची आहे, आजोबा तबल्यावर असतील तर.