टूरिंग बाईक घेताना एक्सपर्टचं कितपत ऐकायचं?

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत. बाईक घ्यायचीय, रिव्ह्यू बघून झालेत, जाणकारांना विचारून झालंय आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळ झालाय. म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतोय.

प्रश्न : दादा, मला लांबच्या टूर करायच्यात. जो तो सांगतो की ६५० सीसीच्या खाली टूरिंगचा विचारच करू नको. माझी उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. शोरूममधली ६५० साईड स्टँडवरून सरळ करतानाच हात थरथरायला लागले. एक्सपर्ट बरोबर आहेत की माझीच प्रॅक्टिस कमी पडतेय?

ताई, प्रॅक्टिसचा प्रश्न नाहीये. आधी हे बघू की ते असं का सांगतात, कारण त्यात तथ्य आहेच. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो विरोध तोडायला लागणारी पॉवर तर घनाच्या पटीत, म्हणजे ८० वरून ११० ला गेलात की नुसती हवा कापायलाच अडीच पटीपेक्षा जास्त पॉवर जाते. छोटं इंजिन त्या स्पीडला सतत वरच्या आरपीएमवर ओरडत राहतं, हँडल आणि फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) झणझणतात, दोनेक तासात बोटं बधिर होतात आणि चढावर ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हटलं की हाताशी काही शिल्लकच नसतं. मोठ्या हायवेवर दिवसभर ११०-१२० ने जाणाऱ्या माणसाने दिलेला हा सल्ला आहे आणि तसंच चालवणाऱ्याला तो शंभर टक्के लागू पडतो.

पण तुम्ही तशा जाणार आहात का? छोटे रस्ते, घाट, ७०-८० चा स्पीड, दिवसातून चार वेळा थांबून फोटो, असं असेल तर त्या सल्ल्याचा पायाच निघून जातो. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० मध्ये आली, जिच्यापासून आजचा अख्खा ॲडव्हेंचर टूरिंग प्रकार सुरू झाला असं म्हणतात, तिची पॉवर होती ५० हॉर्सपॉवर आणि वजन १९० किलोच्या आसपास. त्याच घराण्यातली २०२३ ची आर १३०० जीएस १४५ हॉर्सपॉवर आणि २३७ किलोची आहे. माणसाची उंची, पाय आणि पाठ तीच आहे, बदललीय ती बाईक. त्यामुळे 'किमान इतके सीसी' हा आकडा दर दहा वर्षांनी वर सरकतो, त्याला मी नियम मानत नाही. रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन २०१६ ला आली ती ४११ सीसी आणि साधारण २४ हॉर्सपॉवरची, आणि लोकांनी ती घेऊन प्रचंड लांबलांबच्या टूर केल्या.

हात थरथरले ही माहिती मात्र फार महत्त्वाची आहे, ती रिव्ह्यूमध्ये कुणीही देऊ शकत नाही. शोरूममध्ये बाईक रिकामी असते, फरशी सपाट असते आणि तुम्ही ताज्यातवान्या असता. तीच बाईक सामान लादून, खडीच्या उतारावर, संध्याकाळी दमल्यावर मागे ढकलायची वेळ येणार आहे. म्हणून टेस्ट राईडच्या आधी तीन गोष्टी करा : साईड स्टँडवरून सरळ करा, बसून पायाने मागे ढकला, आणि उतरून हँडल धरून पूर्ण वळवा. जमलं नाही तर ती बाईक कितीही पुरस्कारवाली असू दे, सोडून द्या.

दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत हा दुसरा सल्लाही तुम्हाला मिळाला असणार. तो अर्धाच खरा आहे. एक पाय नीट टेकला आणि दुसऱ्याचा चवडा लागला तर रोजचं काम भागतं, पण ब्रोशरमधल्या सीट हाईटच्या मिलिमीटरवर जाऊ नका कारण ८२० ची अरुंद सीट ही ७९० च्या रुंद सीटपेक्षा पाय टेकायला सोपी असू शकते, शिवाय तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसतं त्यावरही अवलंबून आहे. आणि हो, नेहमीचे रायडिंग बूट घालूनच बघा, सँडल घालून नाही.

प्रश्न : मी आणि मिसेस दोघं मिळून टूर करणार. जी बाईक निवडलीय तिला सगळीकडे 'दोघांसाठी आणि सामानासाठी उत्तम' म्हटलंय. पॅनियर, टॉप बॉक्स, क्रॅश गार्ड सगळं बसवून घेऊ का?

थांबा, आधी कॅल्क्युलेटर काढा. या विषयावर मला खरंच कळकळीने लिहायचंय कारण 'सामानासाठी उत्तम' म्हणजे किती किलो हे सांगणारे रिव्ह्यू फार कमी असतात आणि हा आकडा तर बाईकच्या मॅन्युअलमध्येच छापलेला असतो.

समजा बाईकचं कमाल परवानगीचं एकूण वजन ४०० किलो आणि टाकी भरून तिचं स्वतःचं वजन २१५. राहिले १८५. तुम्ही ८० किलो, वर गिअर म्हणजे हेल्मेट जॅकेट बूट ८ किलो, मिसेस ६२ आणि त्यांचं गिअर ६, झाले १५६. उरले २९. आता ॲल्युमिनियमचे दोन पॅनियर, म्हणजे दोन्ही बाजूंना लावायचे सामानाचे डबे, आणि त्यांची फ्रेम, रिकामे असतानाच, १८ किलो धरा. टॉप बॉक्स आणि प्लेट ५. क्रॅश गार्ड ५. शिल्लक १ किलो! म्हणजे अजून एक टीशर्टसुद्धा भरलेला नाही आणि बाईक फुल झाली. आणि कंपनी जर ड्राय वेट, म्हणजे पेट्रोलशिवायचं वजन, सांगत असेल तर पेट्रोलचं वजन वेगळं धरा, लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणजे २० लिटरची टाकी असेल तर १५ किलो.

लिमिट ओलांडलं की बाईक लगेच मोडत नाही, म्हणूनच लोक निर्धास्त असतात. पण ब्रेकिंग डिस्टन्स वाढतं, मागचा टायर तापतो, मागचं सस्पेन्शन दबून पुढचं चाक हलकं होतं आणि स्पीडला हँडल डुगडुगायला लागतं. त्यात टॉप बॉक्स हा सगळ्यात वाईट जागी, उंचावर आणि मागच्या चाकाच्याही पलीकडे असतो, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यात ५ किलोच्या वर टाकू नका असं सांगतात, आणि आपण त्यात दोन हेल्मेट, टूलकिट आणि पाण्याच्या बाटल्या कोंबतो.

एक्सपर्ट इथे खोटं बोलतात असं नाही. बाईक लाँच होते तेव्हा कंपनीच्या राईडला पत्रकार बहुतेक वेळा एकटाच बसलेला असतो, पॅनियर लावलेले असले तरी रिकामे, रूट कंपनीने ठरवलेला. त्या परिस्थितीत बाईक खरंच छान चालते. म्हणून रिव्ह्यू बघताना मी आधी बघतो की मागे कुणी बसलं होतं का आणि चाचणी किती किलोमीटर झाली. महिनोन्‌महिने तीच बाईक वापरून लिहिलेला रिपोर्ट मिळाला तर तो दहा लाँच रिव्ह्यूंपेक्षा जास्त कामाचा.

तर तुम्ही ॲल्युमिनियमऐवजी कापडी सॅडल बॅग घ्या, काही किलो तिथेच वाचतील. जड सामान खाली आणि जितकं पुढे जमेल तितकं ठेवा. निघण्याआधी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवा आणि टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये दोन माणसांसाठी जी दिलीय ती भरा, ती एकट्यासाठीच्या हवेपेक्षा जास्त असते. मिसेसना तासभर मागे बसवून टेस्ट राईड घ्या. त्यांचे गुडघे किती दुमडतात आणि धरायला काय आहे हे त्याच सांगू शकतील, पुढे बसलेल्याला कळत नाही.

प्रश्न : शाफ्ट ड्राईव्हच घे, चेनच्या भानगडीत पडू नको असं एका अनुभवी रायडरने सांगितलं. खरंय का?

शाफ्ट म्हणजे चेनऐवजी बंद दांड्याने मागचं चाक फिरवायची रचना, ती सोयीची आहे हे खरंय. होंडाच्या गोल्ड विंग या मोठ्या टूरिंग बाईकला १९७५ च्या पहिल्या मॉडेलपासून शाफ्टच आहे. पण शाफ्टने बाईक जड होते, महाग होते आणि निवडही मोजक्याच बाईकपुरती उरते. ओ-रिंग चेन (आतलं ग्रीस टिकवायला रबरी रिंगा असलेली) दर ५००-७०० किलोमीटरला साफ करून ल्यूब केली, पाऊस-चिखलात अजून लवकर, तर वीस हजाराच्या वर आरामात जाते आणि रस्त्यात काही झालं तर कुठलाही मेकॅनिक हात घालू शकतो. पाच मिनिटं खाली बसायचा कंटाळा नसेल तर फक्त चेनमुळे आवडलेली बाईक नाकारू नका.

प्रश्न : टेस्ट राईड मस्त झाली, रिव्ह्यूमध्येही कम्फर्टला फुल मार्क. बाईक घेतली आणि आता दोन तासांनंतर बूड दुखतं, मान धरते, डोकं भणभणतं. फसलो का?

फसला नाहीत. कम्फर्ट ही एकच गोष्ट अशी आहे जिच्याबाबत दुसऱ्याचा सल्ला सगळ्यात कमी टिकतो आणि नेमकं त्यावरच सगळे ठामपणे बोलतात. मऊ सीट शोरूममध्ये सोफ्यासारखी वाटते, पण तासाभराने फोम दबून बसतो आणि तुमचं सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. थोडी टणक आणि मागे रुंद सीट सुरुवातीला आवडत नाही पण संध्याकाळी तीच बरी वाटते. एकदम ताठ बसणं सर्वात आरामाचं हेही सरसकट खरं नाही, ताठ बसल्यावर प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ कंबरेत जातो, किंचित पुढे झुकलेली बैठक लांब पल्ल्याला अनेकांना जास्त मानवते.

डोकं भणभणतंय ते बहुतेक विंडस्क्रीनमुळे. स्क्रीन जितकी उंच तितकी चांगली असं सांगितलं जातं, पण स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा घुसळत येऊन बरोबर तुमच्या हेल्मेटवर आपटत असेल तर डोकं सतत हलत राहतं आणि त्याने मान धरते. हीच स्क्रीन तुमच्यापेक्षा चार इंच बुटक्या टेस्टरला अगदी शांत वाटलेली असू शकते. एक प्रयोग करा, मोकळ्या सरळ रस्त्यावर नेहमीच्या स्पीडला फूटपेगवर हळूच थोडं उठा आणि मग बसल्या जागी थोडं वाका. उठल्यावर शांत झालं तर स्क्रीन बुटकी हवी, वाकल्यावर शांत झालं तर उंच हवी किंवा वर छोटा डिफ्लेक्टर लावा. शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, दिवसभर तो ऐकणं कानाला घातकच आहे, म्हणून फोमचे इअरप्लग वापरा, थकवा कमी झालेला त्याच दिवशी जाणवेल. फक्त तुम्ही जिथे चालवता तिथे कायद्याने चालतं का ते आधी बघा.

आणि इथे गोल्ड विंगचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिली गोल्ड विंग आली तेव्हा तिला फेअरिंगच, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, नव्हतं, होंडाच्या इंजिनिअरांनी बनवलेली एक ताकदवान उघडी (नेकेड) बाईक. लांब जाणाऱ्या लोकांनी बाहेरून फेअरिंग आणून बसवली, क्रेग व्हेटरची विंडजॅमर त्यात फार चालली, बॅगा लावल्या, आणि मग १९८० मध्ये होंडाने फेअरिंग आणि बॅगांसकट इंटरस्टेट हे मॉडेल काढलं. म्हणजे लांब टूरला काय लागतं ते आधी चालवणाऱ्यांच्या अंगाला कळलं, फॅक्टरीला नंतर. तेव्हा सीट बदलणं, हँडल रायझर लावणं, स्क्रीन बदलणं हे बाईक घेतानाच बजेटमध्ये धरा.

प्रश्न : मग एक्सपर्टचं ऐकायचंच नाही का? एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, क्विकशिफ्टर यातलं काय घेऊ? आणि शेवटी एकच नाव सांगा ना दादा.

ऐकायचं की! एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, तिच्या बाबतीत तर डोळे मिटून ऐका. जाणकार वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि आकडेही तेच सांगतात, अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात एबीएस असलेल्या बाईकचा जीवघेण्या अपघातांचा दर एबीएस नसलेल्या त्याच मॉडेलपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळला. ओल्या, अनोळखी रस्त्यावर, समोर अचानक गुरं आली की दमलेला माणूस ब्रेक दाबतो तो विचार करून दाबत नाही. वळणात झुकलेलं असतानाही काम करणारं कॉर्नरिंग एबीएस २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरपासून बाजारात आलं, परवडत असेल तर तेही घ्या. ट्रॅक्शन कंट्रोल (पॉवर दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी सिस्टीम) पॉवरफुल बाईकवर हवंच, ३०-४० हॉर्सपॉवरला त्याच्यासाठी अडून बसू नका. क्विकशिफ्टरचे (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) पैसे चांगल्या टायरला आणि पावसाळी गिअरला द्या.

सर्व्हिस किती किलोमीटरला, व्हॉल्व्ह चेक कधी, कुठला पार्ट वारंवार जातो, ब्रेक किती चावतात, यावरही एक्सपर्टचं मत मी मानतो कारण त्यांनी अनेक बाईक चालवलेल्या असतात आणि तुम्ही-आम्ही एकदोनच.

नाव मात्र असं नाही सांगता येणार. मला लिहून पाठवा : पायाची आतल्या बाजूने लांबी किती, गिअरसकट तुमचं वजन किती, मागे कुणी बसणार का, दिवसात किती तास चालवता, डांबरी किती आणि कच्चा किती, आणि पडलेली बाईक एकट्याने उचलता येते का. उचलून बघितली नसेल तर आधी कुणाकडून तरी शिकून घ्या, पाठ बाईकला लावून पायांच्या जोरावर उचलायची असते, आणि मगच पत्र लिहा.