रूपांतरित खडकांवरून (म्हणजे दाबाने-उष्णतेने बदललेल्या खडकांवरून) पर्वत कसे घडले ते कळतं म्हणतात, पण ते शिकायला हिमालयातच जावं लागतं का?

नाही, जावं लागत नाही. तुम्हाला जे ऐकवलं गेलं तेच मलाही ऐकवलं गेलं होतं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की नागपुरात भूशास्त्र शिकताय, हिमालयाच्या सहलीचे पैसे घरून मिळणार नाहीत, आणि "विदर्भात पर्वतच नाहीत तर वाचणार काय?" असं सर म्हणतात. तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे, त्याला लागून मनसर. हा सौसर नावाचा खडकांचा पट्टा म्हणजे एका पर्वतरांगेचं मूळ आहे. उत्तरेकडचा बुंदेलखंडाचा भूखंड आणि दक्षिणेकडचा बस्तरचा भूखंड एकमेकांवर आदळले. त्यांच्या शेवटच्या मोठ्या धडकेला सुमारे शंभर कोटी वर्षं झाली. वरचा डोंगर केव्हाच झिजून वाहून गेला. हिमालयात तुम्हाला शिखर दिसतं, इथे तुम्ही डोंगराच्या पोटात उभे असता. माझ्या मते शिकायला हीच जागा बरी.

मी मूळची तुमसरकडची. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींचं काळं मँगनीज ट्रकांतून जाताना बघत मोठी झाले. एमएस्सीच्या प्रबंधासाठी मनसरजवळचा अभ्रकी शिस्ट (अभ्रकाच्या पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) घ्यायचं मी आधीच ठरवलं होतं. गाइडांनी कागद बाजूला सारला. "अगं, तिथे मँगनीजवाले जातात. पर्वत बघायचे तर आमच्याबरोबर हिमालयात, कुमाऊंला चल. सपाट जमिनीत काय मिळणार तुला?" बाकीची मुलं कुमाऊंला गेली. मी हट्टाने मनसर घेतलं, तेव्हा फील्डचा खर्च विभागाने दिला नाही, तो बाबांनी दिला.

नमुने एका नाल्यातून आणले. विभागातला स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप) करणारा माणूस कुमाऊंच्या नमुन्यांत अडकलेला, म्हणून स्लाइडही मीच घासल्या. करवतीने काप काढायचा, काचपट्टीला चिकटवायचा आणि जाड काचेवर कार्बोरंडमची पूड-पाणी घेऊन घासत बसायचं. क्रॉस निकॉलमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन ध्रुवकांमधून, क्वार्टझ पिवळसर दिसतो तोवर काप जाड आहे. करडा-पांढरा झाला की ०.०३ मिलिमीटर, तिथे हात थांबलाच पाहिजे. पुढे दोन हात जास्त मारले की आठवड्याचं काम पाण्यात.

त्यातल्या एका स्लाइडमध्ये गार्नेट या खनिजाचा एक दाणा होता. क्रॉस निकॉलमध्ये गार्नेट काळं दिसतं आणि स्टेज कितीही फिरवलं तरी काळंच राहतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण या काळ्या गोलात क्वार्टझचे बारीक कण ओळीने बसलेले होते, आणि ती ओळ सरळ नव्हती. एका कडेने आत शिरून मध्यभागी वळत दुसऱ्या कडेने उलट्या दिशेने बाहेर पडत होती. बाहेरचं अभ्रक गार्नेटला दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेलेलं. आतले कण बाहेरच्या क्वार्टझपेक्षा कितीतरी बारीक. आणि एका कडेला हिरवट क्लोराइट (पाणी धरून ठेवणारं खनिज) गार्नेटला कुरतडत आत घुसलेलं.

आता हे क्रमाने वाचा. आधी खडक दाबला गेला आणि त्याला पापुद्रे आले. मग तापला, गार्नेट वाढायला लागलं आणि वाढता वाढता त्याने ते पापुद्रे पोटात घेतले. वाढ चालू असतानाच खडक सरकत होता, म्हणून ओळ वळली. नंतर बाहेरचे कण मोठे झाले. आतले मात्र गार्नेटच्या आड असल्याने होते तसेच राहिले. गार्नेट पुरं झाल्यावरही दाब चालूच होता, म्हणून अभ्रकाचा वळसा. शेवटी खडक वर येऊन थंड होताना कुठून तरी पाणी शिरलं आणि क्लोराइट झालं. गाडला जाणं, तापणं, सरकणं, वर येणं, सगळं त्या दोन मिलिमीटरच्या दाण्यात होतं. गाइडांनी डोळा लावला, "स्लाइड चांगली झालीय" म्हणाले. प्रबंधावर शेरा आला: "स्थानिक महत्त्वाचं काम." पुढच्या वर्षीच्या मुलांनाही त्यांनी तेच सांगितलं, पर्वत बघायचे तर कुमाऊंला चला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या तीन खनिजांचं सूत्र एकच, रचना वेगळी. सुमारे ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबारच्या आसपास तिघं एकत्र राहू शकतात. तिथून दाब वाढला तर कायनाइट, तापमान वाढलं तर सिलिमनाइट, दाब उतरला तर अँडालुसाइट. ४ किलोबार म्हणजे डोक्यावर साधारण १५ किलोमीटर खडक. आकडे हवे असतील तर गार्नेट आणि बायोटाइट (काळं अभ्रक) एकमेकांना खेटलेले शोधा. लोह आणि मॅग्नेशियम त्या दोघांत कसं वाटलं जातं ते तापमानावर ठरतं, आणि फेरी व स्पिअर या शास्त्रज्ञांनी १९७८ साली ते प्रयोगांनी मोजून दिलं. काळ हवा असेल तर मोनाझाइट हे किरणोत्सारी खनिज बघा. गार्नेटच्या आत अडकलेल्या आणि बाहेरच्या मोनाझाइटचं युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढलं की गार्नेट कधी वाढलं याच्या दोन बाजू बांधल्या जातात.

हे सगळं वर येताना पुसलं का जात नाही, हे विद्यार्थी विचारतच नाहीत, आणि तोच खरा प्रश्न आहे. खडक तापताना त्याच्यातलं पाणी निघून जातं. उतरत्या तापमानात उलट प्रक्रिया व्हायच्या तर पाणी लागतं, आणि ते आता उरलेलं नसतं. म्हणून सर्वांत जास्त तापमानाच्या आसपासची खनिजं तशीच टिकतात.

मनसरला तुम्हाला गोंडाइट दाखवतील. मँगनीजवालं गार्नेट आणि क्वार्टझ यांचा हा खडक. भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये गोंडांवरून त्याचं नाव ठेवलं. त्यातलं गार्नेट बघून "फार खोल गेला होता" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मँगनीज असलं की गार्नेट कमी तापमानालाही तयार होतं. गोंडाइट आपला अभिमान आहे, पण खोली विचारायची ती शेजारच्या अभ्रकी शिस्टला.

मी सांगितलेल्यालाही मर्यादा आहेत. ती ओळ वळली ती गार्नेट फिरल्याने की भोवतालचा खडक वळल्याने, यावर जुना वाद आहे. भंडाऱ्याचा कायनाइट-सिलिमनाइट, जो भट्टीच्या विटांसाठी खणतात, तो साकोली या वेगळ्या खडकपट्ट्याकडचा. त्याची गोष्ट सौसरला जोडू नका. आणि हिमालयात जे आहे ते इथे नाही, हेही मान्य. लडाखच्या त्सो मोरारीला गार्नेटच्या आत कोएसाइट (क्वार्टझचं प्रचंड दाबाखाली होणारं रूप) सापडलंय, म्हणजे भारताची कड ९० किलोमीटरच्या खाली जाऊन परत आलीय. सिक्कीममध्ये डोंगर चढत जावं तसं क्लोराइटपासून सिलिमनाइटपर्यंत तापमान वाढत जातं, खरं तर खाली जाताना वाढायला हवं. पैसे आले की जरूर जा.

पण सर पुन्हा तेच म्हणाले तर त्यांना विचारा, क्लोराइट-बायोटाइट-गार्नेट-स्टॉरोलाइट-कायनाइट-सिलिमनाइट हे वाढत्या तापमानाचे खनिज-पट्टे आपण ज्याच्या नावाने शिकवतो त्या जॉर्ज बॅरोने १८९३ मध्ये काम कुठे केलं होतं? स्कॉटलंडच्या झिजलेल्या हायलँड्समध्ये. तिथलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. त्याला कुणी "सपाट जमिनीत काय मिळणार" म्हटलं नाही.

दिवाळीनंतर जा, तेव्हा नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, नाल्यातला जागचा खडक पुरतो. सुटा दगड उचलू नका. आणि फोडण्याआधी नमुन्यावर उत्तर दिशा आणि पापुद्र्यांचा कल मार्करने आखा. ती खूण नसेल तर स्लाइडमध्ये ओळ वळलेली दिसेल, पण खडक कुठल्या बाजूला सरकला ते सांगता येणार नाही.