वडील गेल्यावर गप्प झालेल्या मुलावरचा चांगला मराठी सिनेमा कोणता?

‘किल्ला’ बघा. अविनाश अरुणचा, २०१५ साली थेटरात आलेला. वडील गेलेत, आईची बदली कोकणात, आणि ११ वर्षांचा चिन्मय (अर्चित देवधर) आतल्या आत मिटून गेलेला. रडारड जवळपास नाहीच. पाऊस, समुद्र आणि पोराचा तो बंद चेहरा. अमृता सुभाषची आईसुद्धा दुःख गिळूनच नोकरी करते, मला तर तीच जास्त लागली. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये ‘क्रिस्टल बेअर’ हे बक्षीस मिळालं होतं.

आम्ही परभणीत भर मे महिन्यात घरी बघितला. पडद्यावर धो धो पाऊस, इकडं कूलरला पाणी नाही! आजी मध्येच म्हणाली, “लेकराला जवळ घ्या की कुणीतरी.” सुरुवात संथ आहे, पण चिन्मयचा वर्गमित्र बंड्या आला की पोरंही रमतात.